अठरा एमएमचा मामा

नरेश वानखडे (वय एक्केचाळीस, रा. लोहारा, यवतमाळ) याच्या दोन्ही कानांच्या पाळ्या जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी शिवण्यात आल्या. नागपूरहून आठवड्यातून एकदा येणाऱ्या प्लास्टिक सर्जन बाईंनी शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात हे काम एक तास दहा मिनिटांत पूर्ण केले. उजव्या पाळीला नऊ टाके पडले, डाव्या पाळीला आठ. हा एका टाक्याचा फरक नरेशला अजून मान्य नाही.

कामाला मुदत होती. पाच आठवड्यांनी नेरला त्याच्या भाचीचे कान टोचायचे होते, आणि कान टोचताना मूल मामाच्या मांडीवर बसवतात. भाचीच्या आजीने, म्हणजे बहिणीच्या सासूने, स्पष्ट बजावले होते. तोवर मामाचे कान माणसासारखे झाले तर मांडी त्याची, नाही तर दिग्रसच्या चुलतमामाची.

मी नरेशचा शेजारी, एका वर्तमानपत्राचा वार्ताहर. आमच्या दोन घरांत एक भिंत सामाईक आहे, त्यामुळे त्याच्याविषयीची बरीचशी माहिती मला न विचारता मिळते.

तो औद्योगिक वसाहतीतल्या एका पाइपच्या कारखान्यात तपासनीस आहे. पाइपाचा बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी मोजायची, मापात बसले तर शिक्का मारायचा, नाही बसले तर बाजूला फेकायचे, हे त्याचे काम. मोजमापाचा कॅलिपर त्याच्या शर्टाच्या खिशात असतो. रविवारीही असतो. जगातल्या सर्व वस्तूंचे तो दोन भाग करतो. पसंत पडली तर "टॉलरन्समंधी आहे", नाही पडली तर "रिजेक्ट". माझ्या बायकोच्या पुरणपोळीला त्याने एका होळीला कडेची जाडी मोजून रिजेक्ट म्हटले. त्यानंतरच्या दोन होळ्यांना आमच्या घरून त्याच्याकडे पोळी गेली नाही. हा योगायोग आहे असे तो समजतो.

कानाचे प्रकरण तो बावीस वर्षांचा असताना सुरू झाले. पुण्याच्या एका कंपनीत त्याने आठ महिने काढले आणि परत आला तो दोन्ही पाळ्यांना भोके पाडून. इथवर गावात कोणी हरकत घेतली नाही. मग त्याने भोकात कडुलिंबाची काडी घातली. एका काडीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. त्यानंतर बॉलपेनची नळी, त्यानंतर स्केचपेन. दर दोन-तीन महिन्यांनी एक माप वर. पाइपच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर त्याला मापांची ददात राहिली नाही. सव्विसाव्या वर्षी तो अठरा मिलिमीटरवर थांबला. का थांबला, असे मी विचारले होते.

"त्याच्यावर गेलं का पाळी पातळ होते भाऊ. वॉल थिकनेस भेटत नाही."

"भोक एवढं मोठं करून करायचं काय पण?"

"भोक नका म्हनू. बोअर म्हना."

या बोअरमध्ये घालायला त्याच्याकडे एकोणीस जोड होते. काही भरीव, सागवानाचे, ओळखीच्या सुताराकडून लेथवर फिरवून आणलेले. काही स्टीलचे, पोकळ, बांगडीसारखे, आरपार दिसणारे. प्रत्येक जोड स्वतंत्र डबीत, डबीवर तारीख आणि माप. पोळ्याला तो सागवानी घालायचा, कारखान्यात साधे. पोकळ जोड लग्नकार्याला.

पोकळ जोडाचा त्याने व्यवहारात उपयोग केला, हे नमूद केले पाहिजे. एसटीचे तिकीट तो गुंडाळून कानात ठेवत असे. नेरच्या गाडीत एकदा तपासनीस चढला आणि त्याने तिकीट मागितले. नरेशने मान वळवून कान पुढे केला. तपासनिसाने दोन बोटांनी तिकीट ओढून काढले, वाचले, पुन्हा गुंडाळले आणि होते तिथे ठेवून दिले. दोघांपैकी कोणीही हसले नाही.

राळेगावच्या बाजारात एका बाईने त्याला कानफाटा साधू समजून रस्त्यात गाठले. तिची बकरी तीन दिवसांपासून बेपत्ता होती. "मी साधू नाही," एवढे सांगून सुटता आले असते. नरेशने बकरीची उंची विचारली, शेपटीची लांबी विचारली, जरा विचार केला आणि सांगितले, "पान्याकडं पाह्य." बकरी नाल्याकाठी सापडली. पुढच्या बाजाराला बाई नारळ घेऊन हजर. नारळ त्याने घेतला. तो गोल नव्हता, अशी तक्रार त्याने घरी येऊन माझ्याकडे केली.

लग्नाची तीन स्थळे आली. पहिल्या मुलीच्या वडिलांनी मोडते घालताना मध्यस्थाला सांगितले ते असे: "पोरगा चांगला बोलत होता, पन मले त्याच्या कानातून मांगच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. संकष्टी कवा हाये ते बी दिसलं." यावर नरेशचे म्हणणे होते की मग त्यांचा फायदाच झाला. दुसऱ्या दोन स्थळांनी कारण कळवले नाही. वडिलांनी दोन वर्षे त्याच्या तोंडाकडे पाहिले नाही. बोलायचे झाल्यास ते पंख्याकडे पाहून बोलत. "त्या पंख्याले सांगा, कान बुजवत नाही," असे नरेशही पंख्याकडे पाहून उत्तर देई. वडील गेले तेव्हाही कानात जोड होता. नोकरी, लग्न, बाप, तिघांपुढे न बुजलेले कान बुजले ते नेरच्या एका पाळण्यापुढे.

नेरला त्याची बहीण शीतल असते. ती त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती, आणि त्यानंतर तीन वर्षे तिची शाळेची वेणी नरेशने घातली. हे मला शीतलने सांगितले. नरेशकडे खातरजमा केली तेव्हा त्याने माहिती फेटाळली नाही. "वेनी म्हंजे तीन पदरं. सारखी ओढायची. त्यात काय हाये?" एवढेच तो म्हणाला.

शीतलला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली. बारशाला नरेश लग्नकार्याचा पोकळ जोड घालून गेला. नाव ठेवून झाले होते, बाया पाळणा म्हणत होत्या. नरेश भाचीचे तोंड पाहायला पाळण्यावर वाकला आणि पाळण्याला बांधलेल्या झालरीचा गोंडा त्याच्या उजव्या कानात शिरून अडकला. पाळणा हलवणाऱ्या बाईने दोरी ओढली. पाळण्याबरोबर नरेश एकदा गेला आणि एकदा आला. पाळणा म्हणणाऱ्यांनी ते कडवे पूर्ण केले नाही. गोंडा सोडवायला तिघी लागल्या. शेवटी कात्री आणून झालर कापावी लागली.

शीतलच्या सासूबाई सिंधूबाई यांनी आपला निर्णय तिथेच, सर्वांसमोर, जाहीर केला.

"पोरीचे कान टोचाचे हायेत फागुनाच्या आधी. असा मामा मांडीवर घेऊन बसला तं लोकं पोरीचे कान पाह्यतीन का मामाचे? दिग्रसचा सचिन हाये न, तो बसन. त्याचे कान जागेवर हायेत. मामाले बसाचं असन तं कान मानसासारखे करून या."

शीतलच्या नवऱ्याने यावर मत व्यक्त केले नाही. त्यांनी अद्याप कशावरच मत व्यक्त केलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरेशने जोड काढून डबीत ठेवला. गल्लीत त्याने असे सांगितले की कारखान्यात सुरक्षिततेचा नवा नियम आला आहे, यंत्रात कान अडकू शकतो. कारखान्यात असा कोणताही नियम आलेला नाही. खरे कारण शीतलने माझ्या बायकोला फोनवर सांगितले, आणि बायकोने गल्लीला.

जोड काढल्यावर काय उरते, याची गल्लीला कल्पना नव्हती. दोन्ही पाळ्या रिकाम्या पिशवीच्या बंदासारख्या खाली लोंबत होत्या आणि गाडीवर जाताना हलत. तो कानपट्टी बांधून फिरू लागला. समोरच्या काकूंनी एरंडेल सुचवले, दूधवाल्याने कोमट तूप. भोक दोन-तीन मिलिमीटरने आटले आणि तिथे थांबले.

इथे नरेशने जी चूक केली ती पाइपच्या कारखान्यात पंधरा वर्षे काढलेला माणूसच करू शकतो. पाइपाला पाइप जोडायचे जे सोल्यूशन असते, ते त्याने उजव्या पाळीला आतून लावले, बोटांनी पाळी दाबली आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहत डब्यावर लिहिलेला वेळ मोजला. पाळी चिकटली नाही. कातडी भाजली. कानाचा रंग चार दिवस टोमॅटोसारखा होता. तो डॉक्टरकडे गेला तो या अवस्थेत. सोबत मी होतो.

"हे काय लावलंय?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"सोल्यूशन. चांगल्या क्वालिटीचं हाये."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांनी समजावून सांगितले की भोकाच्या आतली कडा आता पूर्ण कातडीची झाली आहे आणि कातडीला कातडी जुळत नाही. ती आतली कडा कापून काढावी लागेल, जास्तीची पाळी छाटावी लागेल, आणि कच्च्या कडा एकमेकींना भिडवून शिवाव्या लागतील. आधी भाजलेले बरे होऊ द्या, आणखी काही आटते का बघू, दोन महिन्यांनी या.

"दोन महिने? मॅडम, मले तारीख हाये."

"कसली तारीख? लग्न आहे?"

"भाचीचे कान टोचाचे हायेत."

"भाचीचे ना? मग तुमच्या कानांचं काय?"

नरेशने मांडीचा सगळा नियम सांगितला. डॉक्टरबाई मूळच्या कोकणातल्या. त्यांनी तो लक्षपूर्वक ऐकला आणि दिवस मोजून जानेवारीतला मंगळवार दिला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांनी जांभळ्या पेनाने त्याच्या पाळ्यांवर रेघा आखल्या. नरेशने आरसा मागितला, कॅलिपर काढला आणि डावीकडची रेघ एक मिलिमीटर खाली असल्याचे निदर्शनास आणले. डॉक्टरबाईंनी कॅलिपर नर्सच्या हाती देऊन बाहेर पाठवला. कॅलिपर पुढचा तास-सव्वातास माझ्या मांडीवर होता. आतून बोलण्याचा आवाज येत होता, तो एकट्या नरेशचा होता. कान बधिर केल्याने तोंड बधिर होत नाही, असे नर्स बाहेर येऊन म्हणाली.

टाके आठव्या दिवशी निघाले. पुढे किमान तीन महिने पाळीला टोचायचे नाही, आणि टोचलेच तर व्रणावर कधीच नाही, अशी ताकीद मिळाली. नरेश हसला. परत टोचायचा त्याचा कोणताही विचार नव्हता.

त्यानंतर तो रोज सकाळी दोन्ही कानांचे फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, शीतलच्या मोबाइलवर पाठवू लागला. खाली मजकूर: "डावा: सूज नाही. उजवा: थोडी लाली. दोनी टॉलरन्समंधी. मावशीले दाखव." शीतलने ते मावशींना, म्हणजे सिंधूबाईंना, दाखवले की नाही हे तिने सांगितलेले नाही. सिंधूबाईंकडून उत्तर आले नाही. दहाव्या दिवशी शीतलचा फोन आला की सासूबाईंनी सचिनला दिग्रसहून बोलावून ठेवले आहे, "असू दे म्हनतात आई, वेळेवर काही झालं तं." त्या संध्याकाळी नरेशने भिंतीपलीकडे एकही शब्द उच्चारला नाही. इतक्या वर्षांत अशी ही पहिलीच संध्याकाळ.

मामाने भाचीला सोन्याच्या बाळ्या करायच्या असतात. यवतमाळच्या सराफ बाजारात त्याने चार जोड्या परत केल्या. दोन बाळ्यांच्या व्यासात फरक आढळला, असे कारण त्याने दिले. पाचवी जोडी घेतली.

ठरल्या दिवशी आम्ही सकाळच्या गाडीने नेरला गेलो. तुम्ही पेपरवाले, साक्षीला असलेले बरे, असे नरेशचे मत होते. घरात पाट मांडला होता आणि पाटावर दिग्रसचा सचिन आधीच बसला होता. अंगात नवा कुर्ता, मांडीवर घडीचा टॉवेल. त्याच्या दोन्ही कानांना टोचल्याच्या बारीक खुणा होत्या. त्या त्याने मी न विचारताच दाखवल्या.

सिंधूबाईंनी नरेशला दारातच थांबवले.

"या नरेशभाऊ. असे उजेडात या."

बाजारात वांगे पाहावे तशी त्यांनी त्याची एकेक पाळी दोन बोटांत धरून पाहिली.

"शिवले बरे हायेत. डावा जरासाक खाली वाटते."

"अर्धा एमएम, मावशी. टॉलरन्समंधी हाये."

"ते तुमच्या पायपाचं मले नका सांगू." त्यांनी पाळी उलटी करून मागून पाहिली. "अन भोक कुठी हाये?"

"बुजवलं न."

"कायले?"

"तुमीच तं म्हनलं!"

"म्या कान मानसासारखे करा म्हनलं. भोकच ठेवू नका असं कोन म्हनलं? बिनटोचल्या कानाचा मामा पोरगी मांडीवर घेत नसते. आमच्यात तं नाही."

अशी प्रथा खरोखर आहे का, हे मी उपस्थित चार वृद्ध महिलांना विचारले. दोघींनी आहे म्हणून सांगितले. एकीने आपण असे कधी ऐकले नाही म्हणून सांगितले. चौथीला माझा प्रश्न ऐकू आला नाही. सचिनने पाटावर टॉवेल सरळ केला.

नरेश दारात उभा होता. एकोणीस वर्षे त्याने ज्याला त्याला ऐकवले होते. या वेळी त्याने खिशातून मोबाइल काढला. त्याने डॉक्टरबाईंना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"मॅडम, आज टोचलं तं चालन का?"

"वेडे आहात का? पाळी फाटेल. पाळीला हात लावू देऊ नका कुणाला."

कान टोचायला आलेला सोनार हे सगळे उकिडवा बसून ऐकत होता. त्याला अकरा वाजता आणखी एका घरी पोहोचायचे होते. "पाळीले कोन हात लावते?" तो म्हणाला. "वरतं टोचतो न. भिकबाळीच्या जागी. तिथं बी कानच हाये."

सोनाराचे बोलणे फोनमध्येही गेले. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी काही ऐकलं नाही," आणि फोन बंद झाला.

सगळ्यांनी सिंधूबाईंकडे पाहिले. सिंधूबाईंनी विचार केला.

"चालन," त्या म्हणाल्या.

नरेश सोनारासमोर बसला. "तार किती एमएमची हाये?" त्याने विचारले.

"मोजत नका बसू भाऊ. मान खाली करा."

कानाच्या वरच्या भागात कूर्चा असते आणि पाळीपेक्षा तिथे कितीतरी जास्त दुखते. नरेश ओरडला का, याबाबत दोन मते आहेत. सोनाराच्या म्हणण्यानुसार ओरडला नाही. शीतलच्या म्हणण्यानुसार आतल्या खोलीत झोपलेली मुलगी त्याच्याच आवाजाने जागी झाली. मी सोनाराच्या मागे उभा होतो. मला त्याच्या पायाची बोटे दिसत होती, ती पूर्ण आत वळली होती.

सोनाराने डाव्या कानासाठी तार तापवायला घेतली, तेव्हा शीतल मुलीला घेऊन बाहेर आली.

"बस झालं," ती म्हणाली. सोनाराला म्हणाली, पण पाहत सासूकडे होती. "एक टोचला न? एका मांडीवर एक लेकरू बसवाचं हाये. आता कायले? आई, आता बस."

या घरात शीतलने सासूला बस म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती, असे तिच्या नवऱ्याने मला नंतर सांगितले.  सिंधूबाईंनी वाटीतले हळद-तेल बोटावर घेतले आणि नरेशच्या कानाला लावले, रक्त आले होते तिथे. मग सचिनकडे वळल्या.

"ऊठ रे बाबा. पाट दे त्याईले."

सचिन उठला. टॉवेल त्याने पाटावरच ठेवला.

नरेश बसला. शीतलने मुलगी त्याच्या मांडीवर दिली. एक हात कपाळावर, एक हनुवटीखाली, असे धरायला सोनाराने सांगितले. नरेशने तसे धरले. पहिला कान झाला तेव्हा मुलगी रडली नाही, ती नुसती बघत राहिली. दुसऱ्या कानाला तिने घर डोक्यावर घेतले. लेकराचे डोके मुळीच हलले नाही, असे हात फार कमी मामांचे असतात, असे सोनार जाताना म्हणाला.

"बाळ्या पाह्यल्या का?" नरेशने मला विचारले. त्याचे डोळे ओले होते. कान दुखत होता, असे त्याने कारण दिले.

बाराच्या सुमारास मुलगी त्याच्या मांडीवर झोपली. पहिली पंगत बसली. शीतल मुलीला उचलायला आली आणि त्याने मान हलवल्यावर परत गेली. दुसऱ्या पंगतीच्या वेळी पुन्हा आली, पुन्हा गेली. सिंधूबाईंनी आतून एक उशी आणली आणि त्याची पाठ आणि भिंत यांच्यामध्ये सरकवली. सचिन दुपारच्या गाडीने दिग्रसला गेला.

नरेश तिसऱ्या पंगतीला, पावणेतीन वाजता जेवला.